बोलिंग बॉलची पिन वर की खाली? आधी पीएपी मोजा

भावा, तू म्हणतोस की तुझ्या बोलिंग बॉलची पिन, म्हणजे आतल्या गाभ्याची दिशा दाखवणारा रंगीत ठिपका, अनामिकेच्या भोकाच्या वर आहे आणि तरी बॉल लेनच्या टोकाला उभ्या पिनांपर्यंत सरळच जातो. यात एकट्या लेआउटचा, म्हणजे पिन आणि भोकांच्या मांडणीचा, दोष नाही. पिन वर असली की बॉल उशिरा, झटक्यात वळतो. बोटांच्या भोकांखाली असली की लवकर आणि सावकाश. पण लेनवर तेल जास्त असलं तर दोन्ही प्रकारचे बॉल घसरतात. आधी बॉलचा २००० ग्रिटचा पृष्ठभाग घासून १००० वर आणून बघ (ग्रिटचा आकडा कमी, तितका पृष्ठभाग खरखरीत).

कोल्हापुरातून ड्रिलिंगला बॉल पाठवशील तेव्हा पीएपी, म्हणजे बॉल सुटताना ज्या अक्षावर फिरतो त्याचं टोक, ग्रिपच्या मध्यापासून मोजून कळव. सिमेट्रिक, म्हणजे सममित गाभ्याच्या, बॉलला पिन पीएपीपासून ३ ३/८ इंचांवर असली की फ्लेअर, म्हणजे फिरताना बॉलवर उमटणाऱ्या तेलाच्या कड्यांमधलं अंतर, सर्वांत जास्त. ५ इंचांपुढे या कड्या एकमेकींना चिकटत जातात. बॅलन्स होल, म्हणजे वजन साधायला पाडलेलं जादा भोक, मात्र मारू नको, यूएसबीसी या अमेरिकन बोलिंग संघटनेच्या नियमांत ते १ ऑगस्ट २०२० पासून बंद आहे.