झॅबिक्ससमोर ग्राफक्यूएलचा थर उभारताना स्कीमा कशावर बेतावा?

रबाळे_नोड यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या कंपनीच्या सर्व्हर खोल्या महापे, रबाळे आणि ठाण्यातील वागळे इस्टेट अशा तीन ठिकाणी असून त्या सर्वांची देखरेख झॅबिक्स या एकाच देखरेख-सॉफ्टवेअरवरून चालते. सर्व्हर, स्विच, यूपीएस, जनरेटर आणि एसी मिळून सुमारे चारशे होस्ट आहेत. आजवर शिफ्टमधले अभियंते थेट झॅबिक्स उघडून काम करत होते. आता भिंतीवर लावायचा एक डॅशबोर्ड, अभियंत्यांसाठी एक मोबाइल अ‍ॅप आणि एसीची देखभाल करणाऱ्या कंत्राटदारासाठी एक मर्यादित पान अशी तीन कामे आमच्याकडे आली आहेत.

झॅबिक्सचा एपीआय जेसन-आरपीसी पद्धतीचा असल्यामुळे एकाच पानासाठी होस्ट (यंत्र), आयटम (त्याचे एक मापन), ट्रिगर (इशाऱ्याची अट) आणि प्रॉब्लेम (चालू समस्या) यांचे वेगवेगळे कॉल करून उत्तरांची सांगड पुन्हा आपल्यालाच घालावी लागते. हे काम तीन ठिकाणी तीनदा करण्याऐवजी मध्ये नोड.जेएसवर चालणारा ग्राफक्यूएलचा (हवी तेवढीच माहिती एका विनंतीत मागण्याची क्वेरी भाषा) थर ठेवावा, असे ठरले आहे. स्कीमाच्या, म्हणजे माहितीच्या रचनेच्या, पहिल्या आराखड्यात मी झॅबिक्समधील प्रत्येक ऑब्जेक्टसाठी त्याच नावाचा एक टाइप केला आहे. चाचणीच्या दहा-बारा होस्टवर तो व्यवस्थित चालतो, पण सर्व होस्ट मागितले की पान उघडायला फार वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात झॅबिक्सचा स्वतःचा वेब इंटरफेसही मंदावतो.

याशिवाय दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. तापमानाचा आलेख झॅबिक्समध्ये नीट दिसतो, पण हिस्टरी डॉट गेट ही पद्धत त्याच आयटमसाठी रिकामी यादी देते. तसेच डिस्कच्या एकूण क्षमतेचे फील्ड काही होस्टवर मिळते आणि काहींवर ग्राफक्यूएलची त्रुटी येते. स्कीमाची मांडणी योग्य दिशेने चालली आहे का, आणि कंत्राटदाराच्या परवानग्या कोणत्या थरावर तपासाव्यात, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ऐरोली_अपटाइम यांचे उत्तर

आधी तुमच्या दोन कोड्यांबद्दल लिहितो, कारण दोन्हींची कारणे ठरलेली आहेत.

झॅबिक्स प्रत्येक प्रकारचे मूल्य वेगळ्या तक्त्यात ठेवतो. दशांश अंक, अक्षरे, लॉग, चिन्हविरहित पूर्णांक आणि मजकूर यांना अनुक्रमे ० ते ४ असे क्रमांक आहेत. हिस्टरी डॉट गेटला प्रकार सांगितला नाही, तर ती ३ म्हणजे पूर्णांक गृहीत धरते. तापमान बहुधा दशांशात साठवले जाते, त्यामुळे तुमची विचारणा भलत्याच तक्त्यात जाते, तिथे काही सापडत नाही आणि त्रुटी न देता रिकामी यादी परत येते. म्हणून आयटमचा मूल्यप्रकार आधी वाचून तोच पुढे पाठवावा, आणि अनेक आयटमचा इतिहास एकदम हवा असेल तर त्यांची प्रकारानुसार विभागणी करून प्रत्येक प्रकाराला एक कॉल करावा.

डिस्कचे कारण ग्राफक्यूएलच्या बाजूला आहे. ग्राफक्यूएलचा मूळ पूर्णांक ३२ बिटांचा असून त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. बाइटमध्ये मोजल्यास ही मर्यादा दोन जीबीच्या आसपास संपते, त्यामुळे लहानसे बूट विभाजन त्यात बसते आणि बाकी सर्व डिस्क त्रुटी देतात. झॅबिक्समधील चिन्हविरहित मूल्य ६४ बिटांपर्यंत जाऊ शकते आणि जावास्क्रिप्टची साधी संख्या २ च्या ५३व्या घातापलीकडे अचूक राहत नाही, म्हणून अशा मूल्यांसाठी स्वतंत्र स्केलर (एकेरी मूल्याचा प्रकार) करून ते स्ट्रिंग म्हणूनच पुढे पाठवणे सुरक्षित ठरते. झॅबिक्सही सर्व मूल्ये स्ट्रिंग म्हणूनच देतो. ती वाटेत संख्येत बदलण्याचा मोह टाळावा.

आता मुख्य मुद्दा. झॅबिक्सच्या ऑब्जेक्टची नावे जशीच्या तशी उचलून केलेला स्कीमा माझ्या मते मेहनतीला न्याय देत नाही. अशाने आयटम, ट्रिगर आणि इव्हेंट यांचे परस्परसंबंध मोबाइल अ‍ॅप लिहिणाऱ्यालाही शिकावे लागतात, म्हणजे जी सांगड आपण एका जागी घालणार होतो ती पुन्हा तीन जागी जाते. शिफ्टमधला माणूस आयटमविषयी विचारत नाही. पावसात लाईट गेल्यावर तो विचारतो की महाप्याचा यूपीएस बॅटरीवर आहे का, किती मिनिटे तग धरेल आणि जनरेटरने भार घेतला का. म्हणून टाइप असावेत ते ठिकाण, खोली, यूपीएस, जनरेटर आणि शीतयंत्र. झॅबिक्सचे आयटम त्यांच्या पोटात राहू द्यावेत.

यूपीएसचेच उदाहरण घेऊ. अनेक यूपीएस १९९४ च्या आरएफसी १६२८ या इंटरनेट दस्तऐवजातील प्रमाणित एमआयबीनुसार (यंत्राच्या मापनांची ठरलेली यादी) एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलवर माहिती देतात. त्यात वीज कुठून चालली आहे हे एका आकड्याने कळते: ३ म्हणजे नेहमीचा पुरवठा, ४ म्हणजे बायपास, ५ म्हणजे बॅटरी. हा ५ तसाच अ‍ॅपपर्यंत पोहोचला तर त्याचा अर्थ तीन ठिकाणी लिहावा लागेल, आणि स्कीमात त्याचा एनम (ठरावीक नावांची यादी) केला तर एकदाच. त्याच एमआयबीत बॅटरीचा दाब व्होल्टच्या दशांशात येतो, म्हणजे २१६० याचा अर्थ २१६ व्होल्ट. टेम्प्लेटमध्ये (आयटमच्या तयार मांडणीत) गुणक लावलेला आहे की नाही हे प्रत्येक ठिकाणी तपासा. तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या लोकांनी टेम्प्लेट जोडली असतील तर हमखास फरक सापडतो.

वेगाबद्दल थोडक्यात सांगतो. तुमचा रिझॉल्व्हर (फील्डचे मूल्य आणणारे फंक्शन) प्रत्येक होस्टसाठी आयटमचा आणि प्रॉब्लेमचा वेगळा कॉल करत असणार, म्हणजे चारशे होस्टला आठशे कॉल आणि तितक्याच पीएचपी प्रक्रिया. डेटालोडर (अनेक विचारणा एकत्र करणारी लायब्ररी) वापरून होस्टचे सर्व क्रमांक एका यादीत गोळा करा आणि आयटम डॉट गेट एकदाच बोलवा. डेटालोडर प्रत्येक विनंतीसाठी नवा तयार करावा, नाहीतर एका वापरकर्त्याची साठवलेली उत्तरे दुसऱ्याला दिसतील. ताज्या मूल्यासाठी हिस्टरी डॉट गेटच्या वाटेला जाऊ नका, कारण तिथली मर्यादा प्रत्येक आयटमला नसून एकूण उत्तराला लागू होते. आयटम डॉट गेटमध्येच शेवटचे मूल्य आणि त्याची वेळ मिळते.

प्रॉब्लेमच्या बाबतीत एक खोच आहे. प्रॉब्लेम डॉट गेट अनेक होस्टच्या समस्या एकत्र देते, पण कोणती समस्या कोणत्या होस्टची हे सांगत नाही. तिच्या उत्तरातील ऑब्जेक्ट क्रमांक ट्रिगरचा असतो. ते सर्व क्रमांक घेऊन ट्रिगर डॉट गेटला एकदा विचारायचे आणि सोबत होस्ट मागायचे. असे केले तर चारशे होस्टचे पान मोजक्या कॉलमध्ये तयार होते.

वागळे_बॅकएंड यांचे उत्तर

वरच्या उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, तरीही एक शंका मांडतो. तुमचे वापरकर्ते तीनच आहेत आणि तिन्ही पाने तुमच्याच ताब्यात आहेत. अशा वेळी तीन-चार नेमके रेस्ट एंडपॉइंट (ठरावीक माहिती देणारे वेब पत्ते) लिहिले असते तरी काम भागले असते, आणि भिंतीवरच्या डॅशबोर्डसाठी तर ग्राफाना या डॅशबोर्डच्या साधनाचे झॅबिक्स प्लगइन पुरेसे आहे. ग्राफक्यूएल फेसबुकने २०१२ मध्ये आपल्या मोबाइल अ‍ॅपसाठी सुरू केले आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले केले. वेगवेगळ्या पडद्यांना वेगवेगळी माहिती लागते, ही त्यामागची गरज होती. ती गरज तुमच्याकडे खरोखर आहे का, हे आधी पाहावे. निर्णय पक्का असेल तर पुढील गोष्टी ध्यानात असू द्याव्यात.

परवानग्या झॅबिक्सकडेच ठेवाव्यात. तिथे वापरकर्ता गट आणि होस्ट गट यांची व्यवस्था तयार आहे. तीच पुन्हा मधल्या थरात लिहिली तर दोन याद्या कधीतरी एकमेकींपासून दुरावणारच. कंत्राटदारासाठी फक्त शीतयंत्रांचा होस्ट गट वाचू शकेल असा वेगळा वापरकर्ता करावा आणि त्याचा एपीआय टोकन (पासवर्डऐवजीची ओळखकिल्ली) मधल्या थरातून पुढे पाठवावा. असे टोकन झॅबिक्स ५.४ पासून उपलब्ध आहेत. टोकन विनंतीच्या मजकुरात न घालता ऑथरायझेशन हेडरमध्ये पाठवावा. ही सोय ६.४ मध्ये आली आणि मजकुरातील जुनी पद्धत ७.२ मध्ये काढून टाकण्यात आली आहे.

मात्र एक धोका आहे. परवानगी नसलेल्या होस्टविषयी विचारले तर झॅबिक्स नकार देत नाही, रिकामी यादी देतो. म्हणजे ‘समस्या नाही’ आणि ‘पाहण्याचा अधिकार नाही’ ही दोन उत्तरे सारखीच दिसतात, आणि कुणी होस्ट गट बदलला तर कंत्राटदाराच्या पानावर सगळे हिरवेगार दिसत राहील. यासाठी अपेक्षित होस्ट खरोखर दिसत आहेत का, हे आधी तपासून नसल्यास स्पष्ट त्रुटी द्यावी.

क्वेरी किती थर आत जाऊ शकते, यावरही मर्यादा घालावी. ठिकाणातून खोली, खोलीतून यंत्र, यंत्रातून पुन्हा ठिकाण अशी चक्राकार क्वेरी लिहिता येते, आणि देखरेखीची यंत्रणा अशा क्वेरीखाली दबली तर नेमक्या गरजेच्या वेळी ती कामाला येणार नाही. तिन्ही क्लायंट तुमचेच असल्यामुळे ठरावीक क्वेरींची यादी सर्व्हरवर नोंदवून बाकी सर्व नाकारणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

रबाळे_नोड

दोघांचेही मनापासून आभार. मूल्यप्रकार पाठवल्यावर तापमानाचा इतिहास लगेच मिळाला. रेस्टचा पर्याय आम्ही विचारात घेतला होता, पण पुढे खारघरची एक जागा आणि तिथले वेगळे अ‍ॅप जोडले जाणार असल्यामुळे ग्राफक्यूएलवर ठाम आहोत. आता एकच गोष्ट खटकते. रबाळ्याच्या एका खोलीचे तापमान अ‍ॅपमध्ये शून्य अंश दाखवले जाते. नवी मुंबईत शून्य अंश म्हणजे एसीवाल्याचा सत्कारच करावा लागेल. तसेच समस्येची पोच अ‍ॅपमधून देता यावी, यासाठी म्युटेशन (ग्राफक्यूएलमधील माहिती बदलणारी विनंती) कसे लिहावे?

घणसोली_एसएनएमपी यांचे उत्तर

शून्याचे कारण सेन्सरमध्ये नसून उत्तर वाचण्यात असावे. झॅबिक्स शेवटचे मूल्य शोधताना मूळ मांडणीनुसार मागचे २४ तासच पाहतो. त्या काळात नवे मूल्य आले नसेल, तर आयटम डॉट गेटमध्ये शेवटचे मूल्यही ० येते आणि वेळही ०. म्हणून आधी वेळ तपासावी आणि ती शून्य असेल तर मूल्याऐवजी नल (मूल्य नाही) द्यावे. वेळ शून्य नसली तरी प्रत्येक मापनासोबत ती स्कीमात द्यावी. अर्ध्या तासापूर्वीचे तापमान ताजे म्हणून दाखवणे हेही तितकेच घातक आहे.

हे करताना एक काळजी घ्यावी. तापमानाचे फील्ड तुम्ही नॉन-नल (मूल्य सक्तीचे) ठेवले असेल, तर एका सेन्सरचे नल वर चढत जाऊन जवळच्या नल चालणाऱ्या पालकापाशी थांबते, आणि मधले सगळे टाइप नॉन-नल असतील तर एका बंद सेन्सरपायी तिन्ही ठिकाणांची माहिती नाहीशी होते. बाहेरच्या यंत्राकडून येणारे प्रत्येक फील्ड नल स्वीकारणारे असावे. क्रमांक आणि नाव एवढेच नॉन-नल ठेवा. अशा अर्धवट उत्तरासोबत त्रुटींची यादी येते, पण एचटीटीपीचा संकेतांक बहुधा २००च असतो, त्यामुळे केवळ तो पाहून सर्व ठीक आहे असे अ‍ॅपने मानू नये.

लांबच्या काळाचा आलेख काढायचा असेल तर ट्रेंड डॉट गेट वापरा, पण तिथे तासाचे किमान, सरासरी आणि कमाल असे आकडे मिळतात. एसी दहा मिनिटे बंद पडून तापमान चढले आणि उतरले तर सरासरीत त्याचा मागमूसही राहत नाही, म्हणून तापमानासाठी कमाल मूल्याची रेषा दाखवावी.

पोच देण्यासाठी इव्हेंट डॉट अ‍ॅकनॉलेज ही पद्धत आहे. तिच्यात कृतींचे आकडे बेरजेने द्यायचे असतात: समस्या बंद करणे १, पोच देणे २, संदेश जोडणे ४, तीव्रता बदलणे ८. म्हणजे पोच आणि संदेश एकत्र हवा असेल तर ६. ही बेरीज अ‍ॅपला करू देऊ नका. ‘पोच द्या’ आणि ‘समस्या बंद करा’ अशी दोन स्वतंत्र म्युटेशन करा, पहिल्यात संदेश सक्तीचा ठेवा आणि दुसरे फक्त शिफ्ट प्रमुखांच्या भूमिकेला द्या. समस्या हाताने बंद करण्याची मुभा संबंधित ट्रिगरमध्ये दिलेली नसेल तर झॅबिक्स ती विनंती नाकारतो. तो नकार जसाच्या तसा अ‍ॅपपर्यंत पोहोचवा. आणि पोच प्रत्येक अभियंत्याच्या स्वतःच्या टोकनने जाऊ द्या, नाहीतर रात्री तीनच्या अलार्मची पोच कोणी दिली या प्रश्नावर नोंदीत केवळ मधल्या थराचे नाव सापडेल.