थडग्यावर साल एकच: बेंजामिन फ्रँकलिन आणि डेबोरा

नळस्टॉपकर
फिलाडेल्फियात पाहुणे आले की आमची फेरी ठरलेली असते. आधी ती तडा गेलेली घंटा, मग अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या ती इमारत, आणि शेवटी आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं क्राइस्ट चर्चचं कब्रस्तान. तिथल्या भिंतीत एके ठिकाणी लोखंडी गज आहेत. त्यातून बेंजामिन फ्रँकलिनची सपाट शिळा दिसते. तोच, छापखानदार, विजेचे प्रयोग करणारा आणि त्या जाहीरनाम्यावर सही करणारा. काटकसर शिकवणाऱ्या माणसाच्या थडग्यावर लोक पैसे फेकतात, त्यामुळे शिळेवर कायम पेनींचा सडा असतो. गेल्या महिन्यात आत्या आली होती. तिने गजांना नाक लावून शिळा वाचली, "बेंजामिन अँड डेबोरा फ्रँकलिन, १७९०", आणि विचारलं, "दोघं एकाच वर्षी गेली का गं?"

नाही. तो १७९० मध्ये गेला. ती, म्हणजे त्याची बायको डेबोरा, १७७४ च्या डिसेंबरात. तिचं साल दगडावर नाहीच.

माझं म्हणणं असं की या माणसाला बायकांच्या बुद्धीचं मनापासून कौतुक होतं, फक्त ती बुद्धी परक्या घरची हवी. सोळाव्या वर्षी, १७२२ मध्ये, त्याने 'सायलेन्स डूगुड' नावाच्या विधवेचं सोंग घेऊन बोस्टनच्या वर्तमानपत्रात १४ पत्रं छापून आणली आणि तिच्या तोंडून मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडली. आत्मचरित्रात एका छापखानदाराच्या विधवेची गोष्ट आहे. नवरा हिशेबाला कच्चा. ही हॉलंडमध्ये वाढलेली, तिथे मुलींना जमाखर्च शिकवत, म्हणून हिने धंदा सावरला. मुलींना गाणं-नाच शिकवण्यापेक्षा हिशेब शिकवा, असं तो लिहितो. लंडनच्या घरमालकिणीच्या मुलीशी, पॉलीशी, त्याची भरती-ओहोटीवर पत्रं चालत.

आणि डेबोरा? तिने दुकान चालवलं, पुस्तिका शिवल्या, कागदासाठी चिंध्या गोळा केल्या, त्याचा लग्नाबाहेरचा मुलगा विल्यम घरात वाढवला. १७५७ पासून ती जाईपर्यंतच्या सतरा वर्षांत हा जेमतेम दोन वर्षं घरी होता, बाकी काळ वसाहतीच्या कामासाठी लंडनमध्ये.

त्यांच्या घराच्या जागी आता नुसता पोलादी सांगाडा उभा आहे, आणि खालच्या फरशीत दोघांच्या पत्रांतले उतारे कोरलेत. घर त्याने ठरवलं, पुरं करून घेतलं तिने. लंडनहून तो कळवतो की स्वयंपाकघर पुरं होताना मी तिथे हवा होतो, ते एक यंत्रच आहे, तुला नवीन, तुला ते चालवता येईलसं वाटत नाही. महासागरापलीकडून बायकोला चुलीचं ज्ञान! आत्या म्हणाली, "सगळे मेले एका माळेचे मणी."

जुना_टंकलेखक
असहमत. आत्याबाईंना नमस्कार सांगा, पण निकाल घाईचा आहे. डेबोराला समुद्राची धास्ती होती. त्याने बोलावलं नाही असं नाही, ती बोटीत पाय ठेवायला तयार नव्हती. लग्न झाल्यावर बायकोची मिळकत नवऱ्याची, असा कायदा असलेल्या काळात या गड्याने १७३३ मध्ये बोस्टनला जाताना तिला मुखत्यारपत्र करून दिलं, १७५७ मध्ये पुन्हा दिलं. सप्टेंबर १७६५ ची गोष्ट तुम्ही गाळलीत. ब्रिटिशांनी वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर बसवला, त्या मुद्रांक कायद्यावरून लोक खवळले, फ्रँकलिनचाच त्यात हात आहे अशी आवई उठली आणि जमाव घर पाडायला निघाला. बाई हलली नाही. बंदुका मागवल्या, एका खोलीचं दारूगोळ्याचं कोठार केलं, माडीवर बंदोबस्त लावला. त्याने तिच्या हिमतीची पत्रातून तारीफ केली. यात बायकोला कमी लेखणं कुठे दिसतं?

नळस्टॉपकर
टंकलेखककाका, मुखत्यारपत्र तर माणूस मुनीमजीलाही देतो. तिच्या हिमतीबद्दल माझं दुमत नाही. ज्याच्यापायी जमाव आला तो तेव्हा लंडनमध्ये होता, एवढंच.

कोथिंबीर_वडी
याच फिलाडेल्फियात १८८३ मध्ये आपल्या आनंदीबाई डॉक्टरी शिकायला गेल्या. गोपाळरावांनी बायकोला एकटीला बोटीत बसवून दिलं. म्हणजे आपल्याकडचा नवरा फ्रँकलिनपेक्षा पुढेच म्हणायचा की!

विदुला
@कोथिंबीर_वडी, अवांतर आहे, पण राहवत नाही. गोपाळरावांचा हात उठायचा, हेही आनंदीबाईंनीच पत्रात लिहून ठेवलंय. ती शर्यत नको.

मूळ मुद्द्यावर: बायकोबद्दल सगळेच बोलताय, मुलगी सॅली कुणाला आठवत नाही. १७७९ मध्ये तिने बापाकडे पॅरिसहून लेस आणि पिसं मागवली. बाप तिथे अमेरिकेचा वकील म्हणून सरदार-दरकदारांत जेवतोय, आणि उत्तर काय, तर तुझी मागणी वाचून स्ट्रॉबेरीत मीठ पडल्यासारखं वाटलं. माझ्यासारख्या साध्या झालरी वापर, भोकं रफू करू नकोस, कालांतराने त्यांचीच लेस होईल. आणि पिसं काय, अमेरिकेत प्रत्येक कोंबड्याच्या शेपटीत आहेत. वाचताना हसू येतंच, लेखणी त्याची तशीच आहे. पण पुढच्याच वर्षी हीच सॅली फिलाडेल्फियाच्या बायका जमवून वॉशिंग्टनच्या सैनिकांसाठी दोन हजारांवर सदरे शिवून घेत होती. शेवटी मृत्युपत्रात तिला फ्रेंच राजाचं चित्र दिलं, ४०८ हिरे जडवलेलं, आणि वर अट: या हिऱ्यांचे दागिने करायचे नाहीत. तिने दागिने केले नाहीत. थोडे हिरे विकले आणि नवऱ्याला घेऊन इंग्लंड पाहून आली :)

जुना_टंकलेखक
बेस्ट! ही मुलगी बापाचीच.

खिडकीतला
पॅरिसच्या भानगडींवर कुणी बोलणार की नाही? शेजारीण मादाम ब्रियाँ न्हाणीच्या टबात आणि हा शेजारी बसून बुद्धिबळ खेळतोय...

विदुला
टबावर फळी असायची हो. डाव दुसऱ्या शेजाऱ्याबरोबर होता, बाई बघत होती. सत्तरी ओलांडलेला संधिवाताचा म्हातारा, ती त्याला 'पापा' म्हणायची. याच्या पुढचं जे सांगतात ती सगळी सांगोवांगी.

नळस्टॉपकर
मला त्या टबाचं काही वाटत नाही. मला बोचतो तो दुसरा पट. डिसेंबर १७७४ मध्ये हा लंडनमध्ये कॅरोलाइन हाउबाईंबरोबर बुद्धिबळ खेळत होता. त्याच महिन्याच्या १९ तारखेला इकडे डेबोरा गेली. १७६९ मध्ये तिला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. दर पत्रात "येतो, येतो". विल्यमने बापाला नंतर कळवलं की तुम्ही निदान पानगळीत तरी यायला हवं होतं, त्या निराशेनेच ती खचली. दहा वर्षांत नवऱ्याचं तोंड दिसलं नव्हतं.

जुना_टंकलेखक
तो पट प्रेमाचा नव्हता, राजकारणाचा होता. बाई ब्रिटिश अ‍ॅडमिरल हाउची बहीण, खेळाच्या आडून युद्ध टाळायची बोलणी सुरू होती. मात्र त्या वर्षी जानेवारीत प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या, भर सभेत अपमान झाला आणि टपालखात्याची नोकरी गेली, त्यानंतर तो लगेच का परतला नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. हे मान्य.

शिळेचं मात्र मान्य नाही. तो मजकूर त्यानेच मृत्युपत्रात ठरवून दिला होता. सहा फूट लांब, चार फूट रुंद, साधा संगमरवर, दोघांची नावं, आणि पुढे '१७८_' अशी मोकळी जागा. पदव्या नाहीत, विजेचा उल्लेख नाही, जाहीरनामा नाही. जगभर गाजलेल्या माणसाने स्वतःच्या नावापुढे फक्त बायकोचं नाव लिहिलं.

नळस्टॉपकर
आणि मोकळी जागा एकाच सालासाठी ठेवली.

विदुला
तुमच्या दोघांच्या मध्ये एक कागद ठेवते. पॅरिसमध्ये मादाम हेल्व्हेशियसने लग्नाला नकार दिल्यावर फ्रँकलिनने थट्टेत एक स्वप्न लिहिलं. तो स्वर्गात जातो, तर तिथे तिच्या मेलेल्या नवऱ्याने डेबोराशीच संसार थाटलाय. हा तिच्यावर हक्क सांगायला जातो, तेव्हा ती थंडपणे म्हणते, मी तुमची चांगली बायको होते ४९ वर्षं ४ महिने, जवळजवळ अर्धं शतक, तेवढ्यात समाधान माना. तिच्या तोंडी हे वाक्य त्यानेच घातलंय, म्हणजे त्याला कळत नव्हतं असं नाही.

नळस्टॉपकर
थांबा, लग्न १ सप्टेंबर १७३०. तिथून १९ डिसेंबर १७७४ म्हणजे ४४ वर्षं साडेतीन महिने. मुलींना हिशेब शिकवा म्हणणाऱ्याची बेरीज पाच वर्षांनी चुकली!

जुना_टंकलेखक
चुकली खरी. पण जास्त लिहिलीत, कमी नाही.

नळस्टॉपकर
त्याच्या गैरहजेरीची पंधरा वजा करायला हवी होती, काका.