आईच्या डोळ्यांसाठी चिनी सुया, अनुभव असेल तर लवकर सांगा

तंबाखूपेठ: आईला डोळ्यांचा त्रास आहे. कोल्हापुरात सुया टोचणारे एक जण आहेत, दहा वेळा बोलावलंय, चार झाल्या. दर गुरुवारी निपाणीहून रजा काढून जातोय, घरात रोज भांडणं. फरक पडतो की नाही, एवढंच सांगा.

खानापुरी_आक्का: त्रास म्हणजे कसला? मोतीबिंदू, काचबिंदू, साखरेचा, का नुसती खडखड? वय किती?

देशी_गाय: सुया कशाला ओ? रात्री त्रिफळा भिजत घाला, सकाळी त्या पाण्यानं डोळे धुवा. मी रोज करतो.

खानापुरी_आक्का: आणि जंतू गेले आत तर?

चिकोडीकर: माझी मान दोन बैठकांत मोकळी झाली. यकृताचं दार डोळ्यांत उघडतं असं चिनी वैद्यक मानतं, डोळ्यासाठी यकृताच्या मार्गावर सुया देतात. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनीच आणलं ना हे इकडं?

टिळकवाडी_मास्तर: कोटणीस १९४२ लाच चीनमध्ये वारले. त्यांच्याबरोबर गेलेले डॉ. बसू नंतर पुन्हा जाऊन शिकून आले. आणि मान म्हणजे डोळा नव्हे.

तंबाखूपेठ: इतिहास नको हो. वय ६७. काचबिंदू आहे. सुया चालू असताना थेंब नकोत म्हणाले, म्हणून महिनाभर बंद आहेत.

खानापुरी_आक्का: अहो, हे आधी सांगायचं की! तीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात नर्स होते मी. काचबिंदूत नस मरते, गेलेली नजर परत येत नाही, आणि बहुतेकांना दुखतही नाही. थेंबांऐवजी सुया चालतात असा भरवशाचा पुरावा नाही. हौस असली तर सुया घ्या, पण थेंब सोडून नव्हे. डोळ्याचा शेवटचा दाब किती होता?

तंबाखूपेठ: १७, थेंब चालू असताना. नंतर मोजला नाही. आई म्हणते बरं दिसतंय. मनुकांसारखी लाल फळंही दिलीत, चहात उकळून घेते.

टिळकवाडी_मास्तर: गोजी असणार ती. आईंना रक्त पातळ करायची गोळी आहे का?

तंबाखूपेठ: आहे, वॉर्फरिन. हृदयाची झडप बदललीय. त्याचा इथं काय संबंध?

टिळकवाडी_मास्तर: गोजीनं त्या गोळीचा जोर वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. फळं आजच बंद करा. गोळी मात्र मनानं सोडू नका, उद्या आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं ते, तपासा.

चिकोडीकर: नोंदणी विचारलीत का त्यांची? महाराष्ट्रात २०१५ चा कायदा आहे ॲक्युपंक्चरचा. आपल्याकडं बेळगावात मात्र...

खानापुरी_आक्का: इथं सीमाप्रश्न नको बाबा.

तंबाखूपेठ: थेंबाची बाटली सापडली, फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागं. दोन महिन्यांपूर्वी फोडलेली. चालेल?

खानापुरी_आक्का: नको. फोडल्यावर महिनाभरच. उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा, दाब मोजा आणि नवी बाटली लिहून घ्या.

देशी_गाय: त्रिफळ्याचं कुणीच काही बोललं नाही.