अनुभव धागा: तुमच्या घरात कुणी लढाईत विमान चालवलंय का? त्यांच्याबद्दल लिहा

जाईजुई:
१० ऑगस्ट २०२५ला १९७१च्या पाकिस्तानशी झालेल्या लढाईतले पायलट ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेल्याची बातमी आली आणि आईने टीव्ही बंद करायला लावला, म्हणाली ट्रंक काढ. माझे बाबा पण हवाई दलात होते, कॅनबेरा बॉम्बर विमानावर. ७१ला आम्ही लोहगावला क्वार्टरमध्ये होतो, मी सहा वर्षांची. बाबांना जाऊन आता तीन वर्षं होतील, ९१ वर्षांचे होते.

ट्रंकेत सगळ्यात वर लॉगबुक. डिसेंबर ७१ची पानं उघडली तर ओळीला ओळ लावून तारीख, विमानाचा नंबर, नेव्हिगेटरचं नाव, किती तास. बस. एका रात्रीच्या ओळीपुढे फक्त 'लेट' एवढंच लिहिलंय. आई म्हणाली, ती रात्र मला माहितीये, ब्लॅकआउट होता, झोप येत नव्हती म्हणून तुझ्या फ्रॉकची उसवलेली बाही अंधारात चाचपत शिवत बसले, आणि सकाळी उजेडात बघते तर दोन्ही बाह्या एकमेकींना शिवलेल्या! बाबा पहाटे आले, चहा मागितला आणि झोपले. दोघंही त्या रात्रीबद्दल पुढे कधी एकमेकांशी बोलले नाहीत म्हणे.

पण मला खरं रडू आलं ते लॉगबुकाखालच्या वह्यांचं. रिटायर झाल्यावर बाबांनी रोजच्या फिरण्याचं पण लॉगबुक ठेवलं होतं, तेच रकाने आखून! कुठून कुठे, किती वेळ, सोबत कोण, शेरा. विमानाच्या नंबराच्या रकान्यात काही ठिकाणी स्कूटरचा नंबर. शेऱ्यात 'नातू दमला, खांद्यावर परत'. अशा एकवीस वह्या.

तुमच्याकडे असं कुणी असेल तर लिहा ना. लढाईचं तर लिहाच पण नंतरचं, घरातलं जास्त लिहा, ते कुठे छापून येत नाही.

मुलुंडकर:
ताई सकाळी सकाळी रडवलंत. बाह्यांचं वाचून डबा भरायचा राहिला.

आमच्या घरात कुणी पायलट नाही पण ७१चा ब्लॅकआउट लख्ख आठवतो. खिडक्यांना काळे कागद, आईने गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवले होते, त्याला नंतर झुरळं लागली. गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. भोंगा झाला की चाळीत खालून ओरडायचे, तिसऱ्या मजल्यावरचा दिवा बंद करा होऽऽ

धुकं:
परुळकर सरांची रावळपिंडीची गोष्ट नवीन मुलांना माहीत नसेल म्हणून लिहितो. १० डिसेंबर ७१ला त्यांचं सुखोई पडलं, पकडले गेले. १२ ऑगस्ट ७२च्या रात्री कैद्यांच्या कॅम्पची भिंत फोडून तिघं बाहेर पडले, परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. बसने पेशावर, तिथून पुढे खैबरच्या रस्त्याने लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाण सरहद्द अगदी काही मैलांवर!! तिथे त्यांनी लंडी खानाला कसं जायचं विचारलं, तर ते रेल्वे स्टेशन १९३२ सालीच बंद पडलेलं. जुन्या नकाशाने घात केला. लोकांना संशय आला आणि परत पकडले. शेवटी १ डिसेंबर ७२ला बाकीच्या पायलटांबरोबर वाघावरून घरी.

६५च्या लढाईत पण गोळी लागून खांदा जखमी झाला होता, लीडरने सांगितलं विमान सोडून उडी मार, ह्यांनी विमान परत आणलं. त्यानंतर साठ वर्षं जगले माणूस. ती साठ वर्षंच मला मोठी वाटतात.

एअरमनचा मुलगा:
सगळे पायलटांबद्दल लिहिताय, छान वाटतंय वाचून, पण खाली जमिनीवर जी माणसं होती त्यांचंही एक लिहितो. बाबा कॉर्पोरल होते, जुन्या सुखोई-७च्या स्क्वाड्रनला (आत्ताचं सुखोई-३० नव्हे हं). ते विमान उतरताना फार वेगात असायचं, थांबवायला मागून पॅराशूट उघडायचं आणि मग ते पॅराशूट धावपट्टीच्या कडेला टाकून विमान पुढे. ते गोळा करायचं, झटकायचं, नीट घडी घालून पुढच्या फेरीसाठी परत बसवायचं, हे बाबांच्या लोकांचं काम. एका दिवशी बाबांनी पुढच्या फेरीसाठी घडी घालून तयार ठेवलं आणि ते विमान आलंच नाही.

आई सांगते सुटीवर घरी आले तेव्हा सगळी कामं केली, विहिरीचं पाणी सुद्धा काढलं, पण चादरीचं दुसरं टोक धरायला बोलावलं की उठून बाहेर जायचे. मला हे बाबा गेल्यानंतर कळलं. मी लहानपणी त्यांना चादरीवरून आळशी म्हणालो होतो एकदा, ते अजून सलतं.

जाईजुई:
@एअरमनचा मुलगा, दादा, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली बाबा नेहमी सांगायचे की विमानात बसताना शिडी धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, तो हसला की निर्धास्त. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मुलांना काय माहीत असतं.

सांडगे:
माझ्या मामांना मामी शंकरपाळे पाठवायची, डालड्याच्या पिवळ्या डब्यात, वरून कापड शिवून. मामा हंटर लढाऊ विमानावर होते. डबा पोचेपर्यंत अर्धा भुगा आणि तो भुगा सगळे चहात घालून खायचे म्हणे. रिकामा डबा मात्र प्रत्येक वेळी परत आणायचे, मामीची सक्त ताकीद.

मुलुंडकर:
डालड्याचे डबे!! आमच्याकडे तुळस, कोरफड, ओवा, सगळं त्यातच.

सांडगे:
हो आणि संडासला न्यायला पण तोच 😄 मामींची तुळस अजून आहे एका डब्यात, तळाला गंज चढलाय पण टाकू देत नाही.

आजीचा नातू:
आमचे आजोबा डाकोटा मालवाहू विमानावर. २७ ऑक्टोबर १९४७ला पहिल्या डाकोटा जवानांना घेऊन श्रीनगरला उतरल्या, त्या दिवशी ते नव्हते पण पुढच्या फेऱ्यांत होते. मेहर सिंग (सगळे त्यांना बाबा म्हणायचे) ह्यांनी मे ४८मध्ये लेहला पहिलं विमान उतरवलं, साडेदहा हजार फुटांच्या वरची वाळूची पट्टी, त्यानंतर आजोबा पण लेहला गेले. डाकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची काही सोय नव्हती, बोलताना बोबडी वळायची म्हणे तिथे जाताना.

हे सगळं त्यांनी सांगितलं ते ८५ वर्षांपर्यंत. मग हळूहळू विसरायला लागले. आधी माझं नाव, मग बाबांचं, शेवटी आजीचं पण. ९७व्या वर्षी गेले. शेवटची दोन वर्षं संध्याकाळ झाली की खुर्चीत ताठ बसायचे, डावा हात पुढे धरलेला, उजवा हात हळूहळू मागे ओढायचे, कपाळाला घाम. आम्हाला वाटायचं फिट येतेय, डॉक्टर बोलावले. आजीने बघितलं आणि ओळखलं, म्हणाली अरे उतरवतायत ते. मग रोज ती शेजारी स्टूल घेऊन बसायची आणि हात खाली आला की म्हणायची, "उतरलो हो आपण, नीट उतरलो." की लगेच खांदे सैल व्हायचे आणि मऊभात खायचे.

आजी आयुष्यात विमानात बसली नव्हती.

धुकं:
🙏 काय लिहू. पुन्हा वाचलं.

कोकणी मेवा:
ज्यांचे परत आले त्यांचं वाचून बरं वाटतंय पण मला दमयंती तांबे आठवल्या. आत्या बॅडमिंटन खेळायची, तिच्यामुळे नाव घरात होतं, राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. त्यांचे मिस्टर फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर ७१ला पाकिस्तानातल्या शोरकोट विमानतळावर हल्ला करायला गेले ते परतले नाहीत. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. जिवंत पकडले गेले अशी आशा कुटुंबाने सोडली नाही, वर्षानुवर्षं दारं ठोठावली. २००७ला बेपत्ता जवानांच्या नातेवाईकांना पाकिस्तानातले तुरुंग बघायला जाऊ दिलं, हाती काही लागलं नाही. आत्या अजून ५ डिसेंबरला काही गोड करत नाही.

न्यू जर्सीची लीना:
ताई वह्या जपून ठेवा please डांबरगोळ्या ठेवू नका ट्रंकेत. मी इथे ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून वाचतेय.

दलिप सिंग मजिठिया १०३ वर्षांचे होऊन एप्रिल २०२४ला गेले ना, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर हरिकेन लढाऊ विमानं चालवलेली आणि १९४९ला काठमांडूच्या खोऱ्यात पहिलं विमान उतरवलं ते तेच. लग्न ऑस्ट्रेलियन बाईंशी. माझ्या सासऱ्यांना फार कौतुक त्यांचं. सासरे स्वतः चेतक हेलिकॉप्टरवर होते, आता ८४, रोज रात्री झोपायच्या आधी गॅस, नळ, कडी मोठ्याने म्हणत चेक करतात आणि माझ्या मुलाने "चेक्ड" म्हणायचं असतं. फोनवरून सुद्धा!

जाईजुई:
@लीना, गॅस-नळ-कडी आमच्याकडे पण!! आई आता एकटीच म्हणते आणि उत्तर मी देते.

डांबरगोळ्या काढल्या, वेखंड ठेवलंय. एकाने खाजगी निरोपात शेवटच्या वहीबद्दल विचारलंय. शेवटची नोंद जाण्याच्या चार दिवस आधीची आहे, अक्षर खूप हललंय. कुठून: पलंग. कुठे: गॅलरी. वेळ: १० मि. सोबत: सौ. शेरा: 'जास्वंद फुलली'.

सांडगे:
मामींना फोन लावते आत्ताच. भाजी लागली बहुतेक.