अमेरिकन फुटबॉलमध्ये सेंटरची जागा नेमकी किती महत्त्वाची असते?

प्रश्न : कोपरारक्षक (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरात शालेय मुलांना कबड्डी शिकवतो आणि अमेरिकन फुटबॉलशी माझा संबंध केवळ भाच्यामुळे आला आहे. माझी धाकटी बहीण ओहायोत असते. तिचा मुलगा तिथल्या हायस्कूलच्या संघात गेल्या वर्षापर्यंत गार्ड म्हणून खेळत होता आणि यंदा प्रशिक्षकांनी त्याला सेंटर केले आहे. भाचा खूश आहे, परंतु बहिणीला वाटते की पोराला मागे टाकले. "वाकायचे, पायांतून चेंडू मागे द्यायचा आणि समोरच्याचा मार खायचा, याला काय खेळणे म्हणायचे," असे ती परवा फोनवर म्हणाली.

त्यांचे सामने तिथे शुक्रवारी संध्याकाळी होतात, म्हणजे आपल्याकडे शनिवारची पहाट असते. मी ते मोबाईलवर पाहतो, परंतु चेंडू क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, हाती गेला की नजर त्याच्यामागे धावते आणि मधल्या झटापटीत भाच्याने काय केले ते कळतच नाही. कबड्डीत साखळी धरणाऱ्या दोघांपैकी एकाचे पाऊल क्षणभर आधी पडले तरी चढाईपटू निसटतो, तसेच काहीतरी या पाच जणांच्या फळीत असावे असा माझा अंदाज आहे. आक्रमक फळीतल्या पाच जागांमध्ये (मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि दोन कडांना टॅकल) सेंटरचे वेगळेपण कशात आहे, सर्वाधिक मोल डाव्या टॅकलला असते असे जे वाचनात येते ते खरे असेल तर सेंटरला कुठे ठेवायचे, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने या जागेसाठी कशाचा सराव करावा, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

सातरस्ता

सर, ताईंना ज्या वाकण्याचे वाईट वाटले, त्याच वाकण्यापासून सुरुवात करतो. आक्रमणाचा प्रत्येक डाव सेंटरच्या हातून सुरू होतो. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या सामन्यात एका संघाला साधारण साठ ते सत्तर डाव मिळतात आणि त्यांतल्या प्रत्येक वेळी चेंडू आधी सेंटरच्या हातात असतो. क्वार्टरबॅक कधी त्याच्या पाठीला खेटून उभा राहतो, तर कधी शॉटगन रचनेत सुमारे पाच यार्ड, म्हणजे साडेचार मीटर, मागे असतो. मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला चेंडू छातीच्या उंचीवर मिळाला, तर त्याचे डोळे समोरच्या बचावावर टिकून राहतात. तोच चेंडू गुडघ्यापाशी किंवा डोक्यावरून आला की त्याला नजर खाली-वर करावी लागते, आणि ज्या डावात चेंडू फेकायला अडीच-तीन सेकंदच मिळतात, त्यात तेवढ्याने ठरलेला डाव विस्कटतो. शिवाय आजचे बहुतेक सेंटर हा चेंडू मागे न पाहता देतात, कारण त्यांनाही समोरच पाहायचे असते.

आता खरी अडचण पाहा. दोन्ही फळ्यांच्या मध्ये जी मोकळी पट्टी असते, तिची रुंदी चेंडूच्या लांबीइतकीच, म्हणजे जेमतेम 28 सेंटिमीटर असते, आणि चेंडू धरण्यासाठी त्या पट्टीत डोके-हात नेण्याची मुभा फक्त सेंटरला असते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळ तोच असतो. अनेक संघ त्याच्या थेट समोर नोज टॅकल उभा करतात, आणि तो बहुधा बचावफळीतला सर्वांत वजनदार खेळाडू असतो. गार्ड आणि टॅकल यांचे दोन्ही हात पहिल्या क्षणापासून मोकळे असतात. सेंटरचा एक हात मात्र त्या क्षणी दोन पायांच्या मधून मागे गेलेला असतो आणि दीडशे किलोंचा माणूस तोवर छातीवर आलेला असतो. चेंडू सोडणे, तोच हात वर आणणे आणि पहिले पाऊल टाकणे ही तीन कामे एकाच हालचालीत बसवावी लागतात.

डाव पळण्याचा असेल तर काम आणखी अवघड होते. समजा धावपटूला उजव्या कडेने न्यायचे आहे आणि समोरचा बचावपटू आधीच सेंटरच्या उजव्या खांद्यापलीकडे उभा आहे. अशा वेळी सेंटरला चेंडू देता देताच आडवे पाऊल टाकून त्या बचावपटूच्या पलीकडे स्वतःचे डोके आणि खांदा न्यावा लागतो, म्हणजे त्याची वाट बंद होते. फिलाडेल्फिया ईगल्सचा जेसन केल्सी या कामात अतिशय निष्णात होता. तो सेंटर म्हणून फार वजनदार नव्हता, पण पहिला बचावपटू अडवून बचावफळीच्या मागे उभ्या असलेल्या लाईनबॅकरपर्यंत ज्या चपळाईने पोहोचायचा, तिच्यावर त्या संघाचे पळण्याचे कित्येक डाव उभे होते. पुढच्या सामन्यात चेंडूमागे न धावता पहिली दोन सेकंद फक्त भाच्याच्या पायांकडे पाहा, असे मी सुचवेन.

नवी पेठ

वरील उत्तर शरीराच्या कामाविषयी आहे आणि ते अचूक आहे. तरीही माझ्या मते सेंटरचे खरे मोल चेंडू हलण्याच्या आधीच्या दहा-पंधरा सेकंदांत आहे, आणि प्रशिक्षकांनी आपल्या भाच्याला तिथे का आणले याचे उत्तरही बहुधा तिथेच सापडेल.

फळी जागेवर आली की बचाव आपली मांडणी दाखवतो, आणि पुष्कळदा ती फसवी असते. चार जण पुढे असतात, मागे लाईनबॅकर हालचाल करत असतात, आणि त्यांतला कोण धावून येणार हे लपवलेले असते. अशा वेळी सेंटर किंवा क्वार्टरबॅक मोठ्याने एका लाईनबॅकरचा क्रमांक पुकारतो आणि त्याला 'माईक' ठरवतो. तो खेळाडू खरोखरच मधला लाईनबॅकर असायला हवा असे नाही. ही मोजणीची खूण असते, आणि तिच्यावरून पाच जणांनी कोणाकोणाला घ्यायचे, फळीने डावीकडे सरकायचे की उजवीकडे, आणि उरलेल्या माणसाची जबाबदारी रनिंग बॅककडे, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूकडे, जाते का, हे सगळे ठरते. सेंटरने फळी डावीकडे सरकवली आणि जादा माणूस उजवीकडून आला, तर पाचही जणांनी आपापले काम चोख करूनही क्वार्टरबॅक जमिनीवर पडतो. गार्डची चूक बहुधा गार्डपुरती राहते. सेंटरने चुकीची हाक दिली तर ती एकाच वेळी पाच जणांची चूक होते.

दुसऱ्याच्या मैदानावर प्रेक्षकांच्या गोंगाटात हाक ऐकूच येत नाही. तेव्हा खुणेची पद्धत वापरतात. गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकचा इशारा पाहतो, सेंटरला हलकेच थोपटतो, सेंटर डोके वर करतो आणि ठरलेल्या अंतराने चेंडू सोडतो. त्या डोक्याच्या हालचालीवर उरलेले चौघे निघतात. कोणी आधी हलला तर पाच यार्डांचा दंड बसतो.

हे बिघडले तर काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण 2 फेब्रुवारी 2014 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, घडले. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती. डेन्व्हर ब्रॉन्कोस संघाने त्या हंगामात 606 गुण केले होते आणि तो एनएफएलचा विक्रम होता. सामन्यातल्या त्यांच्या पहिल्याच डावात क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग काही बदल सांगण्यासाठी फळीकडे पुढे येत होता आणि गोंगाटात नेमक्या त्याच क्षणी चेंडू सुटला. तो त्याच्या डोक्याजवळून मागे एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्टीत, गेला आणि अवघ्या 12 सेकंदांत सिअ‍ॅटल सीहॉक्सला दोन गुण मिळाले. अंतिम धावफलक 43–8 असा लागला. एका स्नॅपमुळे, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देण्यामुळे, सामना गेला असे मी म्हणणार नाही, कारण सिअ‍ॅटलचा बचाव त्या वर्षी असामान्यच होता. परंतु मॅनिंगसारखा अनुभवी क्वार्टरबॅकसुद्धा सेंटरशी ताळमेळ एका क्षणापुरता चुकल्यावर काहीच करू शकत नाही, हे त्या डावात स्वच्छ दिसते.

जुळे सोलापूर

दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो. सेंटर महत्त्वाचा आहे हे मान्यच आहे, परंतु संघ पैसे कुठे खर्च करतात तेही पाहिले पाहिजे. 2024 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने क्रीड हम्फ्री या सेंटरशी चार वर्षांचा 7 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला, आणि सेंटरसाठी तो तेव्हाचा सर्वोच्च होता. त्याच वर्षी डेट्रॉइट लायन्सचा टॅकल पेनेई सूअल याला चार वर्षांसाठी 11 कोटी 20 लाख डॉलर मिळाले. ही तफावत निष्कारण नाही. कडेचा टॅकल मोकळ्या जागेत एकटा उभा असतो आणि सर्वांत वेगवान बचावपटू त्याच्यावर धावून येतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला डाव्या बाजूने येणारा माणूस दिसत नाही. सेंटरच्या दोन्ही बाजूंना मदतीला गार्ड असतात. तेवढी उंची, तेवढे लांब हात आणि तसे पाय असलेली माणसे फार थोडी असतात, म्हणून टॅकल महाग आहे. सर यांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर, एकट्याने लढण्याची कसोटी टॅकलचीच अधिक मोठी आहे.

नवी पेठ

आकडे बरोबर आहेत. त्यांतून निघणारा निष्कर्ष मात्र मला पुरता पटत नाही. दुर्मिळ शरीरयष्टीला बाजारात भाव येतो, कारण ती आधीच मोजता येते. सेंटरला लागणारी समज मोजपट्टीने मोजता येत नाही, म्हणून ती उशिरा लक्षात येते. केल्सीला 2011 च्या निवडीत, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने घेतात तेव्हा, सहाव्या फेरीत, 191 व्या क्रमांकावर घेतले गेले आणि पुढे तो सहा वेळा ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात आला. मॅनिंगचा इंडियानापोलिसमधला सेंटर जेफ सॅटरडे याला तर निवडीत कोणीच घेतले नव्हते. हम्फ्रीसुद्धा दुसऱ्या फेरीत निवडला गेला होता. चांगला सेंटर स्वस्तात सापडू शकतो हे खरे आहे, पण म्हणून त्याच्याविना चालते असे ठरत नाही. 1938 साली न्यूयॉर्क जायंट्सचा मेल हाईन एनएफएलचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला, आणि त्यानंतर आक्रमक फळीतल्या कोणालाही, अगदी टॅकललाही, तो मान मिळालेला नाही. हाईन सेंटर होता. त्या काळात तोच खेळाडू बचावातही उतरत असे, हे मात्र सांगायला हवे.

कोपरारक्षक

सर्वांचे मनापासून आभार. भाच्याकडे प्रशिक्षकांनी एक जाड वही दिली आहे आणि तो ती रोज वाचतो, असे बहीण म्हणाली होती. त्या वहीत काय असेल ते आता ध्यानात आले. एक शंका उरते. प्रत्येक डावात डोक्याला डोके भिडते, याची तिला भीती वाटते. ती भीती अनाठायी आहे असे म्हणावे का?

होटगी रोड

दादा, ती भीती अनाठायी आहे असे ताईंना मुळीच सांगू नका. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माईक वेबस्टर हा या जागेवरच्या थोर खेळाडूंपैकी एक होता आणि त्याने चार सुपर बोल जिंकले. 2002 मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो गेला, तेव्हा डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली, आणि वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा सीटीई हा आजार एनएफएल खेळाडूत प्रथमच आढळला. त्यांचा शोधनिबंध 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. हा आजार एखाद्या मोठ्या धक्क्यापेक्षा वर्षानुवर्षे बसणाऱ्या लहान धक्क्यांशी अधिक जोडला जातो, आणि फळीतल्या खेळाडूला असे धक्के जवळजवळ प्रत्येक डावात बसतात. तिथल्या सर्व राज्यांत आता असा कायदा आहे की मेंदूला मार बसल्याचा संशय आला तर विद्यार्थ्याला लगेच बाहेर काढायचे आणि वैद्यकीय परवानगीशिवाय पुन्हा उतरवायचे नाही. वॉशिंग्टन राज्याने तो 2009 मध्ये सर्वांत आधी केला. तरीही डोके दुखत असल्याचे मुलाने स्वतः सांगितले तरच त्याचा उपयोग होतो. सरावाच्या दिवसांत प्रत्यक्ष भिडंत किती होते, हे ताईंनी प्रशिक्षकांना नि:संकोच विचारावे.

सातरस्ता

होटगी रोड यांच्या मुद्द्याला धरूनच सरावाचे सांगतो, कारण सेंटरचे तंत्र आणि त्याची सुरक्षितता या गोष्टी एकत्रच शिकाव्या लागतात. चेंडू सोडून हात वर यायला उशीर झाला की खेळाडू नाइलाजाने डोके पुढे घालतो आणि तिथेच इजा होते. म्हणून भाच्याने आधी कोणाला न अडवता, भिंतीवर छातीच्या उंचीला खूण करून, मागे न पाहता चेंडू द्यावा. शंभरांतले जवळजवळ सगळे खुणेवर जाऊ लागले की चेंडू सोडताच पुढे पाऊल टाकून दोन्ही हात गादीवर आदळण्याचा सराव करावा. त्या वेळी मान वर आणि नजर समोर राहते की नाही, हे दुसऱ्या कोणीतरी बाजूने पाहावे. ओल्या चेंडूनेही हा सराव झाला पाहिजे, कारण ओहायोत हंगामाच्या अखेरीस पाऊस आणि थंडी दोन्ही असतात.

हाकांचा सराव आपण इथून घेऊ शकता, सर. सामन्याचे चित्रण चेंडू सुटण्याआधी थांबवा आणि त्याला फोनवर विचारा की माईक कोण, फळी कोणीकडे सरकेल आणि रनिंग बॅक कोणाला घेईल. त्याने उत्तर दिले की चित्रण पुढे सोडा आणि दोघे मिळून पाहा.