त्रिनिदादचा हा शाहीर कोण?

सेलूकर: आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर शाहिरी ऐकत वाढलो. परवा कापूस वेचणी आटोपली अन् मोबाइलवर त्रिनिदादचं १९१४ चं कॅलिप्सो, म्हणजे तिकडचं लोकगाणं, लागलं. शब्द कळंनात, पण गडी छाती ठोकून स्वतःचंच बिरुद गातोय! कोण हा?

जालन्याचा रेडिओवाला: ज्युलियन व्हाइटरोझ, बिरुद 'आयर्न ड्यूक'. व्हिक्टर कंपनीनं त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला जाऊन ध्वनिमुद्रण केलं. त्याआधी १९१२ ला लव्हीचा ताफा न्यूयॉर्कला वाजवून आला, पण ती नुसती वाजंत्री. खरखरीला वैतागू नका. माईक नव्हताच, कर्ण्यासमोर उभं राहून ओरडायचं.

अंबाजोगाईची मावशी: मला पुढचं जास्त आवडतं. १९३४ ला रोअरिंग लायन आणि अटिला द हन अशी बिरुदं लावणारे दोन कॅलिप्सो गायक न्यूयॉर्कला गेले, अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशनसाठी गायले. भर तंबूत एकमेकांना टोमणे मारत गायचं, त्याला तिकडं पिकाँग म्हणतात. आपला कलगी-तुराच की ओ! अटिला तर नंतर कायदेमंडळावर निवडून गेला.

सेलूकर: मावशी, आजोबा असते तर पहिलं हेच विचारले असते, "त्यातला तुरेवाला कोणता?"