साखरशाळा पुन्हा सुरू कराव्यात का?

तळावरची (धागाकर्ती):
शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि निकषांत न बसणाऱ्या साखरशाळा, म्हणजे साखर कारखान्याजवळच्या मजुरांच्या तळावर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामापुरत्या भरणाऱ्या शाळा, पुढे बंद पडत गेल्या. ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर आलेल्या मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत वयानुरूप वर्गात बसवावे, असा कायद्याचा आग्रह आहे. कागदावर त्यात खोट काढायला जागा नाही. परंतु कारखान्याच्या तळापासून गावातली शाळा दोन-तीन किलोमीटर लांब, मधला रस्ता ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांचा, आणि पहाटे फडात गेलेली आई दुपारपर्यंत परतत नाही. अशा वेळी नऊ वर्षांची मुलगी कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळते, पाणी आणते, सरपण गोळा करते. जनार्थसारख्या संस्था तळावरच शाळा भरवत, तेव्हा हीच मुलगी भावाला कडेवर घेऊन का होईना, वर्गात येऊन बसत असे. माझे म्हणणे इतकेच आहे की, हंगामापुरत्या वेगळ्या शाळेला शासनाने नियमांत जागा द्यावी.

खडूफळा:
ताई, आपली तळमळ मान्य आहे, पण उपाय मान्य नाही. मी कारखाना परिसरातल्या शाळेत शिकवतो. वेगळी शाळा म्हटली की तात्पुरता निवारा, मानधनावरचा शिक्षक आणि कमी अपेक्षा हे ओघाने आलेच. गरिबाच्या मुलाला गरीब शाळा, असा तो हिशोब होतो. शिवाय पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की शाळा उठते, आणि मूळ गावच्या गुरुजींना या मुलाने पाच महिने काय केले याचा पत्ता नसतो. गेल्या हंगामात एक मुलगी बहिणीला घेऊन चौथीच्या वर्गात आली. आम्ही मागे सतरंजी अंथरली, धाकटी तिथे झोपली आणि थोरलीने भागाकार पुरा केला. यासाठी कुठल्याही नव्या धोरणाची गरज पडली नाही. मागे पडलेल्या मुलांसाठी विशेष प्रशिक्षण कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे. ते नीट दिले जात नाही, ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी.

बालाघाट:
आपण दोघेही मूल तळावर पोहोचल्यानंतरचे बोलत आहात. मी बीड जिल्ह्यातून लिहितो आहे. ते मूल टोळीच्या गाडीत चढूच नये, यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत. मात्र गावातल्या वसतिगृहाचा अर्थ बहुतेक ठिकाणी दोन वेळचे जेवण एवढाच, आणि रात्री मूल आजीकडे झोपते. टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात, मंजुरी मात्र त्यांच्या मागून येते. मग मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेला बाप मुलाला कोणाच्या भरवशावर ठेवणार? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या शासनाच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत प्रत्येकी शंभर मुलांची ८२ वसतिगृहे ठरली, म्हणजे सगळी मिळून जागा ८,२००. तोडीला जाणारी कुटुंबे लाखांत मोजली जातात. मुलगी बारा-तेराची झाली की तिला मागे ठेवायची आई-बापांना धास्ती वाटते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता (तोडणीची एक जोडी) होत असल्याने लग्न लवकर उरकण्याचीही घाई होते. तिच्यासाठी बाईमाणूस अधीक्षक असलेले, रात्रीही उघडे राहणारे वसतिगृह आधी हवे.

तळावरची:
मुलींच्या वसतिगृहाबाबत माझे मत बदलले, हे प्रांजळपणे सांगते. परंतु खडूफळा गुरुजी, तुमची सतरंजी ही तुमच्या मनाचा मोठेपणा आहे. शेजारच्या गावातल्या शाळेत तेच बाळ रडले म्हणून दोघींना परत पाठवलेले मी पाहिले आहे. एखाद्या शिक्षकाच्या चांगुलपणावर चालते, त्याला व्यवस्था कसे म्हणावे? निदान तळावर पाळणाघर आणि तिथून शाळेपर्यंत वाहन, एवढे तरी कारखान्याच्या गाळप परवान्याच्या अटींत घालायला हवे.

खडूफळा:
पाळणाघर आणि वाहन या दोन्हींना माझा पाठिंबा. हजेरी मात्र आमच्याच पटावर लागावी.